चाबीवाल्या भाऊंनी दाखवलेलं घर

घर घ्यायचं असेल तर त्या माणसाकडे जाऊ नका, असं मला घाटंजीत निदान चौघांनी सांगितलं. किराण्याच्या दुकानात सांगितलं, पिठाच्या चक्कीवर सांगितलं. माझ्या खोलीच्या मालकिणीनं तर हात जोडले. "बाई, त्याचं डोकं फिरेल हाय. तो घर विकत नाही, घराची बदनामी करते." मग मी गेलेच. हे वाचून तुम्हाला वाटेल म्हातारी हट्टी दिसते. आहेच.

सगळं गाव त्यांना चाबीवाले भाऊ म्हणायचं. आमच्याकडचे बाकीचे दलाल मोबाइलवर फोटो दाखवतात, एका अंगठ्यानं दहा घरं फिरवून आणतात. यांचा मोबाइल साधा, बटनांचा, तोही बहुतेक वेळा बंद. कमरेला मात्र जाड सुतळी बांधलेली आणि तिला चाब्याच चाब्या. पितळी, लोखंडी, काही इतक्या जुन्या की त्यांचं कुलूप तरी कुठं असेल असं वाटावं. चालायला लागले की बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळेसारखा आवाज यायचा. चाबी दिल्याशिवाय ते कोणाचं घर विकायला घेत नसत. मालक त्याच घरात राहत असला तरी निदान फाटकाची एक चाबी त्यांना हवीच. लोक म्हणायचे, आम्ही घरीच असतो, चाबी कायले पाह्यजे? तर म्हणायचे, "ज्याचा माह्यावर चाबीएवढा भरोसा नाही, त्याच्या घराचा भरोसा मी दुसऱ्याले कसा देऊ?"

आणि जी घरं बंद असायची, मालक पुण्याला नाहीतर नागपूरला गेलेले, त्या घरांना ते आठवड्यातून एकदा भेटायला जात. भेटायला हाच त्यांचा शब्द. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून पाहायचे, मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि अर्धा तास ओट्यावर पेपर वाचत बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असेच एका परक्या ओट्यावर बसले होते. पायात रबरी चप्पल, डोक्याला दुपट्टा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"भाऊ, मले घर घ्यायचं हाय," मी म्हटलं.

त्यांनी पेपर घडी केला. "घेणार कोण? तुम्ही का पोरगं?"

"मीच."

"राहणार कोण?"

"मीच."

"मग जमते. पोराच्या पसंतीनं घर घेणाऱ्या मायले मी घर दाखवत नाही. तिले जिन्याखालची जागा भेटते."

माझा मुलगा नागपूरला असतो, चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली आहे. आई इकडेच ये म्हणून दोघं रोज फोन करायचे. पण मी अंगणवाडीत सेविका होते, नवरा कंडक्टर, आणि आमचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला. नऊ खोल्या. प्रत्येक ठिकाणी भिंतीत एक खिळा ठोकायचा तर मालकाला विचारून. नवरा गेल्यावर त्याच्या फंडाचे पैसे मी हात न लावता ठेवले होते. माझ्या नावाचं घर, एवढं एकच मला पाहिजे होतं, आणि ते मरायच्या आधी पाहिजे होतं.

हे सगळं मी भाऊंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला कमी बोलता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टर विचारतो तसे प्रश्न सुरू केले. गुडघे कसे हायत? बसलं तर उठायले टेका लागते का? दुपारी झोपता का? दिवसाले पाण्याच्या किती गुंड्या, घागरी लागतात? भांडण करता का कोणाशी?

"करते. पण मीच आधी बोलते मग."

"हे चांगलं हाय," म्हणाले, आणि कुठं लिहिलं नाही, काही नाही, उठले. "जिना कट. मे महिन्यात या."

तेव्हा मार्च चालू होता. मी म्हटलं, "मे महिन्यात कायले? आत्ताच दाखवा ना."

"आत्ता सगळेच घरं चांगले दिसतात. लग्नात नवरदेव दिसते तसे."

आणि खरंच मे लागेपर्यंत त्यांनी मला एक घर दाखवलं नाही. मे लागला तेव्हा दुपारी दोनची वेळ दिली. आमच्याकडे मे महिन्यात दोन वाजता कुत्रंही नालीतून बाहेर येत नाही. मी डोक्याला ओला रुमाल बांधून, कांदा पदरात घेऊन निघाले. भाऊ मोपेड ढकलत चालायचे, मी बाजूनं. मोपेडला पेट्रोल असायचं, पण गिऱ्हाइकाला पायीच न्यायचं हा त्यांचा नियम. "दुकान किती लांब हाय, दवाखाना किती लांब हाय, ते पायाले कळू द्या. गाडीवर बसलं की सगळंच जवळ वाटते."

घरात गेलं की आधी पंखा बंद करायचे. मग सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली काचेची गोटी काढायची आणि जमिनीवर ठेवायची. पांढरे केस झालेला माणूस उकिडवा बसून गोटी कुठं जाते ते पाहतोय, आणि घरमालक बाजूला उभा घाम पुसतोय. गोटी मोरीकडे गेली तर भाऊ खुशीनं मान हलवायचे. देवघराकडे किंवा पलंगाखाली गेली तर म्हणायचे, "पावसाळ्यात देव भिजन," नाहीतर, "पाहुण्याच्या चपला तरंगतीन." मग गच्चीवर बादलीभर पाणी ओतायला लावायचे आणि खाली येऊन छताकडे बघत उभे. मालकाची बायको कुरकुरायची, पाण्याचा असा दुष्काळ आणि हा माणूस गच्चीवर बादली ओततो. ती बादली भाऊ स्वतः शेजारच्या बोअरवरून आणून भरून द्यायचे, हे सांगायला हवं.

या सगळ्याच्या आधी, अगदी फाटकातच, ते ऐब सांगायचे. मालकाच्या समोर. "या घराचे तीन ऐब हायत. मागची भिंत वोल धरते. शेजारी सकाळी पाचले रेडिओ लावते. अन् संडासाचं दार आत उघडते, जाडा माणूस फसते. आता पाहा." एका मालकानं तर त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं म्हणतात. पण घाटंजीत लोक नावं ठेवत ठेवत त्यांच्याकडेच जायचे, कारण घेतल्यावर चौथा ऐब निघाला असं कधी झालं नाही. आणि ज्या घरात त्यांना ऐब सापडायचा नाही, ते घर ते हातातच घेत नसत. "अजून दिसला नाही म्हणजे मोठा असन," म्हणायचे.

स्वतः मात्र तेलघाणीच्या मागं एका भाड्याच्या खोलीत राहायचे. एकटेच. मी एकदा विचारलं, एवढी घरं तुमच्या हातातून गेली, एक स्वतःला काहून नाही घेतलं? तर म्हणाले, "मले एकाही घराचे ऐब सहन होत नाहीत. भाड्याच्या खोलीचे ऐब मालकाचे असतात."

आता आडनावाचं सांगते, कारण सगळं पुढचं तिथंच अडकलेलं आहे.

भाऊंनी मला गुडघ्यांपासून झोपेपर्यंत सगळं विचारलं, आडनाव विचारलं नाही. मला वाटलं विसरले. मग लक्षात आलं की ते कोणालाच विचारत नाहीत. मला घेऊन गेले की मालकाला सांगायचे, "ह्या अंगणवाडीच्या बाई." झालं. मालकीणबाई चहा देता देता विचारायच्या, "तुमचं आडनाव काय जी?" की भाऊ मधेच, "आडनाव रजिस्ट्रीत लागते बाई, घर पाहायले लागत नाही. तुमचा बोअर किती फुटाचा हाय ते सांगा." आणि बाई बोअरवर घसरायच्या.

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतलेली. आमचं आडनाव ऐकलं की ज्याला ओळखायचं तो ओळखतो, आणि इकडं सगळेच ओळखतात. म्हणून सुरुवातीला मला भाऊंची ही युक्ती बरी वाटली. कोणीतरी आपल्या बाजूनं मधे उभं आहे असं वाटलं. दुसऱ्या की तिसऱ्या घराला गोष्ट पार इसाराचे पैसे देण्यापर्यंत गेली. इसाराचा कागद करायच्या आदल्या दिवशी मालकाला कुठून तरी माझं पूर्ण नाव कळलं. संध्याकाळी निरोप आला की घर त्याचा भाचा घेतो म्हणतो.

हा भाचा माझ्या ओळखीचा होता. खोल्या भाड्यानं घेताना पाच-सहा ठिकाणी भेटला होता. कुठं भाचा, कुठं साळा, कुठं गावाहून येणारी सासू. खोली रिकामी असायची, नाव सांगितलं की लगेच कोणीतरी राहायला यायचं.

त्या रात्री मी झोपले नाही असं काही नाही, चांगली झोपले. पण सकाळी उठून ठरवलं की यापुढं भाऊंनी काही म्हणो, पसंत पडलेल्या घरी मी माझं नाव आधी सांगणार. ऐब सांगायचेच तर दोन्हीकडचे सांगा. आणि ज्याला तो ऐब वाटतो त्याला वाटू द्या.

मग गुरुजींचं घर आलं.

गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर, शेतकरी घरचे. ते आणि त्यांची बायको, ताई, पुण्याला मुलाकडे कायमचे निघाले होते. तीन खोल्या, वर स्लॅब, मागं लिंबाचं झाड आणि कढीपत्ता. फाटकात भाऊंनी ऐब सांगितले: गल्लीत पथदिवा नाही, लिंबाला मुंग्या आहेत, स्वयंपाकाचा ओटा बुटका आहे. पहिले दोन मी ऐकले नाहीत. आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. माझी उंची पावणेपाच फूट. नऊ खोल्यांत मी चवड्यावर उभी राहून पोळ्या लाटल्या, नाहीतर खाली बसून. त्या ओट्यावर माझे हात कोपरात वाकून नीट बसले. ताईही माझ्याच उंचीच्या. माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "गवंड्याशी भांडून करून घेतला मी. तो म्हणे पोराची बायको उंच असली तं?"

"मग?" मी विचारलं.

"उंचच निघाली. पण ती आली कुठं इथं!"

पसंत पडलं तरी घरात बोलायचं नाही, हा भाऊंचा नियम. रस्त्यावर येऊन बोलायचं. चहाच्या टपरीवर येईपर्यंत मी दम धरला. तिथं बाकड्यावर बसले आणि सांगितलं की हेच घर, आणि उद्या बैठकीत मी माझं नाव आडनावासकट आधी सांगणार.

भाऊंनी कप खाली ठेवला. "बाई, तीस वर्षं झाले मी हेच करून राह्यलो. तुमच्यासारख्या किती लोकायले घरं लावून देल्ली. कागदावर सही झाली की नाव कळते. मग मालक काय करते? चार दिवस तोंड वाकडं करते. झालं."

"अन् शेजारी?"

"शेजाऱ्याचं मी नाही पाहत."

"मी तं शेजाऱ्यातच राहणार हाय ना भाऊ. सामान उतरवलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागन. मग त्यायले वाटन, बाई लपून घुसली. माह्या पैशाच्या घरात मी लपून काहून जाऊ?"

"मग घर जाईन."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? ओटा पाह्यला ना तुम्ही?" भाऊ चिडले की आवाज बारीक होत जायचा, आता तर शिट्टीसारखा झाला. "लोकं घर भेटावं म्हणून हातापाया पडतात, अन् ह्या बाई घर हातात आलं तं फेकून द्यायले निघाल्या! एवढ्या चाब्या हायत माह्याजवळ, तुमच्या तोंडाच्या कुलपाची एक नाही."

"नसू द्या. ते उघडंच राहते."

टपरीवाला हसला. भाऊ नाही हसले. चहाचे पैसे स्वतःच देऊन, मोपेड न ढकलता चालू करून, मला तिथंच सोडून निघून गेले. इतक्या दिवसांत त्यांना गाडीवर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आले मात्र. बैठक सुरू झाली, भाव ठरला, ताईंनी सरबत आणलं. मी पेला खाली ठेवला आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सांगितलं, आणि आम्ही बौद्ध हेही सांगितलं. म्हटलं, इसार करायच्या आधी तुम्हाला माहीत असू द्या.

गुरुजींच्या मांडीवर टॉवेल होता. त्याची त्यांनी घडी केली, मग त्या घडीची घडी केली. "तसं काही नाही... आम्ही तसलं काही मानत नाही. पण मुलाला एकदा विचारून कळवतो."

आठ दिवस काही कळवलं नाही. नवव्या दिवशी चक्कीवर दळण न्यायला गेले तर चक्कीवाला म्हणतो, "बाई, ऐकलं का? चाबीवाल्यानं गुरुजीची चाबी वापस केली."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. पण घाटंजीत चाबीवाल्या भाऊंनी घर विकल्याशिवाय कधी कोणाची चाबी परत केली नव्हती. तीन-तीन ऐब असलेली घरं त्यांनी विकली. मग ज्या घराची चाबी त्यांनी सुतळीवरून सोडून फाटकाच्या कडीला लटकवली, त्या घरात केवढं काय निघालं असेल? दोन दिवसांत गल्लीगल्लीत चर्चा. कोणी म्हणे स्लॅब बसतोय, कोणी म्हणे भावाभावांची कोर्टात केस आहे. दुसरे दलाल गिऱ्हाईक आणत होते ते थांबले. शेवटी गुरुजी स्वतः तेलघाणीच्या मागं भाऊंच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "अहो, माझ्या घरात काय ऐब आहे ते तरी लोकांना सांगा! उगाच संशय."

भाऊ म्हणाले, "घरात असता तं सांगितलाच असता."

हे मला भाऊंनी मोठ्या खुशीत येऊन सांगितलं. त्यांना वाटलं मी खूश होईन. मला राग आला. म्हटलं, "भाऊ, मले हे घर कोणाले रडवून नको हाय. अन् तुम्ही तरी काय केलं? पयले माह्यं नाव लपवलं, आता त्यायचं कारण लपवलं. सगळा गाव स्लॅबले नावं ठेवून राह्यला. स्लॅबचा काय दोष?"

सुतळीवर गुरुजींची चाबी होती ती रिकामी जागा ते बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "मग आता काय करता?"

"जाते अन् विचारते."

"मीही येतो. पण ज्या घराची चाबी वापस देल्ली त्या घरात मी पाय ठेवत नाही. रस्त्यावर उभा राहीन."

आणि तसेच उभे राहिले. चार वाजताचं ऊन, गल्लीत सावलीचा तुकडा नाही, मोपेडचं हँडल धरून, दुपट्टा तोंडावर ओढून.

मी आत गेले. ताईंनी पाणी दिलं, मी प्यायले. गुरुजी खुर्चीत बसले होते, मी पलंगावर. म्हटलं, "गुरुजी, मले नाही म्हणा. तुमचं घर हाय, तुमचा हक्क हाय. पण कारण तोंडानं सांगा. मले आजपर्यंत सगळ्यायनं भाचा सांगितला, साळा सांगितला. खरं कारण कोणीच नाही सांगितलं. तेवढं ऐकलं की मी उठते."

"बाई, तसं नाही..."

"मग कसं?"

वर पंखा कटकट करत होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. या माणसानं सारी उमर रोज सकाळी पोरांना रांगेत उभं करून प्रतिज्ञा म्हणून घेतलेली. मला दया आली खरं सांगते, पण मी उठले नाही. पाय दुखायला लागले तर पलंगावर मांडी घालून बसले.

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. "सांगा ना त्यायले. मलेही ऐकू द्या. इतक्या दिवसांपासून मीही विचारून राह्यली."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "कॉलनीतले लोक मला बोलतील."

ताई हातात झारा घेऊनच बाहेर आल्या. "कोण बोलन? आपण तं पुण्याले चाललो! तिकडं फोन लावून बोलतीन का?"

ताई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्हाले सांगते, पोराच्या घरी मले स्टुलावर उभं राहून पोळ्या करा लागतीन. निदान ह्या ओट्यावर तं कोणी नीट उभं राहू द्या."

"मी चाळीस वर्षं पोरांना..." असं गुरुजींनी सुरू केलं आणि सोडून दिलं. ते वाक्य मी त्यांना पुरं करायला लावलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "घ्या बाई. घर तुमचंच."

आता कोणीही शहाणी बाई आनंदानं उठून गेली असती. मी म्हटलं, "भाव ठरला तोच. त्यात एक रुपया कमी मागत नाही. पण एक अट हाय. तुमच्या आजूबाजूची चार घरं माह्यासोबत फिरा. आत्ता. अन् माह्यं पूर्ण नाव तुमच्या तोंडानं सांगा."

"हे कशाला आणखी?"

"तुम्ही गेल्यावर मले सांगायचंच हाय. पण तुमच्या तोंडून निघालं तं त्यायले कळन की तुम्ही जाणून देल्लं. फसून नाही."

फाटकाशी येऊन मी भाऊंना ठराव सांगितला तर ते डोळे मोठे करून बघायला लागले. "तीस वर्षांत असा सौदा नाही पाह्यला. ही अट मी इसारपत्रात कुठं लिहू?"

"लिहू नका. चला."

निघालो. पुढं गुरुजी पायात चपला सरकवत, मध्ये मी, मागं भाऊ मोपेड ढकलत, चाब्या वाजवत. पहिल्या घरी एक दुकानदार ओट्यावर बसून पाय चोळत होता. गुरुजींनी माझं नाव असं काही पुटपुटलं की तो म्हणाला, "काय म्हणलं गुरुजी?" मग त्यांना सगळं परत, मोठ्यानं म्हणावं लागलं. माझ्या मते तिथंच त्यांचा गळा मोकळा झाला. दुकानदार म्हणाला, "अस्सं? बरं," आणि पाय चोळायला लागला. दुसऱ्या घरच्या सुनेनं बसा म्हणून चटई टाकली. तिसऱ्या घरी एक उंच गृहस्थ दारात आले, सगळं नीट ऐकून घेतलं, आत गेले आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. गुरुजी त्या दाराकडे बघत उभे. त्यांचे कान लाल झाले होते, जसं काही दार त्यांच्यासाठीच लागलं. आणि लागलंही होतं की.

"चला, एक राह्यलं," मी म्हटलं.

चौथ्या घरी एक म्हातारी अंगणात बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. गुरुजी पुढं झाले, पण तिसऱ्या घराकडे वळून पाहत चपलेनं माती उकरत थांबले. तेवढ्यात मागून मोपेड स्टँडवर लावल्याचा आवाज आला. भाऊ पुढं आले, दुपट्टा डोक्यावरून काढला आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत म्हटलं. कधी विचारलं नव्हतं, पण तीन घरं ऐकून पाठ झालं असणार. वर म्हणाले, "बौद्ध हायत. गुरुजीच्या घरात राह्याले येऊन राह्यल्या. ऐब एकच हाय, बोलतात लय."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "बोलू द्या. मी इथं डाळीशी बोलून राह्यली." मग मला म्हणाली, "नळ सकाळी सहाले येते, तेही तिसऱ्या दिवशी. पयले पाच मिनिटं गढूळ येते, ते झाडाले टाकजो. अन् गुंड्या मोठ्या घेजो, बारक्या पुरत नाहीत."

रजिस्ट्रीच्या दिवशी भाऊ साक्षीदार म्हणून आले, सही केली, दलाली घेतली. त्यानंतर ते नव्या गिऱ्हाइकाला गुडघ्यांसोबत आणखी एक गोष्ट विचारायला लागले असं मी ऐकलं: "नाव मी सांगू, तुम्ही सांगता, का रजिस्ट्रीपर्यंत राहू द्यायचं? घर तुमचं, तुम्ही ठरवा." मी त्यांना कधी विचारलं नाही की तीस वर्षं ज्यांना लपवून घरं लावून दिली त्यांचं काय. ती माणसंही राहिलीच ना त्या घरांत, पोरं मोठी केली. तेव्हा दुसरा रस्ता नसेल दिसला, त्यांनाही आणि भाऊंनाही.

चार वर्षं झाली मला इथं. पहिल्या घरचा दुकानदार उधारीही देतो. दुसऱ्या घरची सून तिचं लेकरू माझ्याकडे ठेवून बाजारात जाते. डाळवाल्या आजी मागच्या हिवाळ्यात गेल्या, त्यांना मी रोज दुपारी जाऊन बोलून घेत होते, दोघी एकदमच बोलायचो. तिसऱ्या घरचे गृहस्थ अजून बोलत नाहीत. सकाळी मी अंगण झाडते तेव्हा ते फिरून येतात. मी रोज विचारते, "चहा झाला का जी?" ते फाटक उघडतात आणि आत जातात.

भाऊ आता थकले, पण गल्लीतून जाताना थांबतात. मोपेड टेकवून आधी तिसऱ्या घराकडे पाहतात, मग माझ्याकडे.

"बोलला का तो?"

"नाही अजून."

"मग?"

"मग काय? उद्या विचारते."